पन्नास तासांचा हिशेब : टेक्सासमधील एका कुटुंबाची पाळणाघर साहाय्यासाठीची पात्रता

अमेरिकेतल्या डे-केअरचा खर्च कमी मिळकतीच्या घराला पेलत नाही, हे तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना चांगले ठाऊक असते. त्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलू शकते आणि त्यासाठी आईवडिलांनी अमेरिकेचे नागरिक असण्याची अट नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. ज्यांना माहीत असते त्यांतलेही बरेच जण अर्ज करण्याआधीच स्वतःला अपात्र ठरवून मोकळे होतात. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका कुटुंबाचे आहे. हे कुटुंब अभ्यासासाठी रचलेले आहे, त्यातल्या व्यक्ती खऱ्या नाहीत. पण त्यांच्या अडचणी टेक्सासमधल्या अनेक घरांत जशाच्या तशा सापडतील, आणि ज्या नियमांवर हे प्रकरण उभे आहे ते २०२५ सालचे प्रत्यक्ष नियम आहेत.

कुटुंब चौघांचे आहे. वडिलांच्या थोरल्या भावाने अनेक वर्षांपूर्वी केलेल्या अर्जाचा नंबर लागून आईवडील आणि मोठी मुलगी दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्डावर टेक्सासमध्ये आले. मुलगी आता चार वर्षांची आहे आणि तिला मराठीखेरीज दुसरी भाषा फारशी येत नाही. धाकटा मुलगा दीड वर्षाचा असून त्याचा जन्म टेक्सासमध्येच झाला, म्हणजे तो जन्माने अमेरिकन नागरिक आहे. वडील एका गोदामात आठवड्याला २८ तास काम करतात आणि त्यांना ताशी १७ डॉलर मिळतात. शनिवार-रविवार मिळून १२ तास ते एका परिचिताच्या दुकानात गल्ल्यावर बसतात. तिथे ताशी १२ डॉलर रोख मिळतात. आई वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. लेखापालनाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तिने जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे दोन विषय घेतले आहेत, म्हणजे एकूण सहा क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे कॉलेजचे एकक). गोदामातल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. वडिलांची पाळी संध्याकाळवर गेली की त्या आठवड्यात आईचा वर्ग बुडतो, आणि दिवसाची नोकरी धरण्याचा तर प्रश्नच उरत नाही, कारण दोन्ही मुले घरी असतात.

अर्ज करावा असे या दोघांच्या मनात वर्षभर होते. तो झाला नाही याची तीन कारणे त्यांनी स्वतःच सांगितली असती : आपण नागरिक नाही, आपण दोघे धडधाकट असून सरकारकडे हात पसरणे बरे दिसत नाही, आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘उद्या दादांना भुर्दंड पडला तर काय तोंड दाखवायचे?’ हे शेवटचे कारण वरवर पाहता भावनेचे वाटते, पण त्याला कायद्याचा आधार आहे आणि म्हणून त्याचा विचार आधी करायला हवा.

नातेवाइकाच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळते तेव्हा तो नातेवाईक एका बंधपत्रावर सही करतो. आलेल्या कुटुंबाने मिळकतीवर आधारलेले ठरावीक सरकारी लाभ घेतले, तर त्यांची भरपाई सही करणाऱ्याकडे मागता येते, असे त्यात लिहिलेले असते. या दोघांना वाटणारी धास्ती त्या कागदातूनच आलेली आहे. मात्र कोणते लाभ त्यात मोडतात याची यादी मर्यादित आहे : मेडिकेड म्हणजे कमी मिळकतीच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, मुलांच्या आरोग्यविम्याची चिप योजना, गरजू कुटुंबांना मिळणारी टॅनफची रोख मदत, स्नॅप म्हणजे अन्नसाहाय्य, आणि वृद्ध व अपंगांसाठीची एसएसआय ही रोख मदत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बालसंगोपन निधीतून मिळणारे पाळणाघराचे साहाय्य या यादीत नाही. म्हणूनच ग्रीन कार्ड मिळाल्यावर पाच वर्षे थांबण्याची जी अट त्या यादीतल्या काही लाभांना लागते, ती इथे लागत नाही. दोन वर्षांपूर्वी आलेले कुटुंब आजही अर्ज करू शकते आणि दादांच्या खिशाला त्याने धक्का लागत नाही.

नागरिकत्वाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. या निधीचा लाभार्थी मूल आहे, आईवडील नव्हेत. त्यामुळे कायदेशीर दर्जा तपासायचा तो फक्त त्या मुलाचा, असे केंद्राने १९९८ मध्येच राज्यांना कळवलेले आहे. मुलगा नागरिक आणि मुलगी ग्रीन कार्डधारक असल्यामुळे दोघेही या कसोटीत बसतात. सरकारवर भार ठरण्याची (‘पब्लिक चार्ज’) जी चाचणी सर्वांच्या तोंडी असते, ती ग्रीन कार्ड देताना लावली जाते. ज्यांच्या हाती कार्ड आहे त्यांना ती सहसा पुन्हा लागत नाही, मात्र सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास परतताना प्रश्न उपस्थित होऊ शकतो. ज्यांचे ग्रीन कार्ड अजून व्हायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी आहे. डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या नियमाने पाळणाघरासारखे रोख नसलेले साहाय्य या चाचणीतून वगळले, पण त्याआधी २०१९ चा कडक नियम आला होता आणि २०२१ मध्ये तो निघाला, म्हणजे सरकार बदलले की हा विषय हलतो. अशा कुटुंबाने अर्जापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावे; फेसबुकवरच्या ओळखीच्या माणसाचा सल्ला इथे पुरेसा नाही.

आता मूळ पात्रतेकडे वळू. या साहाय्याचा कायदा १९९० चा आहे. १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या फेररचनेत त्याचा निधी एकत्र केला गेला आणि २०१४ मध्ये कायद्याची मोठी दुरुस्ती झाली. केंद्राने काही मोजक्याच चौकटी आखलेल्या आहेत : मूल १३ वर्षांच्या आतले असावे, आईवडील नोकरीत किंवा शिक्षण-प्रशिक्षणात असावेत, आणि कुटुंबाचे उत्पन्न राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मी आणि खाली निम्मी कुटुंबे असतात त्या आकड्याच्या) ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. याच्या आतली रेषा राज्ये आखतात, आणि म्हणून न्यू जर्सीतल्या मावसभावाला जे उत्तर मिळाले ते डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये लागू पडत नाही. टेक्सासमध्ये ही योजना राज्याचे वर्कफोर्स कमिशन म्हणजे रोजगारविषयक खाते २८ स्थानिक मंडळांमार्फत चालवते.

उत्पन्नाच्या बाबतीत हे कुटुंब रेषेच्या जवळपासही नाही. गोदामाचे ४७६ आणि दुकानाचे १४४ मिळून आठवड्याला ६२० डॉलर, म्हणजे वर्षाला ३२,२४० डॉलर होतात. इथे लक्षात घ्यायचे ते असे, की कर कापण्यापूर्वीची रक्कम धरली जाते. हातात येणारी नव्हे. चार माणसांच्या कुटुंबासाठी २०२५ ची केंद्रीय दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर आहे आणि टेक्सासची ८५ टक्क्यांची रेषा तिच्या दुपटीहूनही वर जाते. तेव्हा मिळकतीवरून नकार येण्याचा संभव नाही. बहुतेक कुटुंबे मात्र सगळी काळजी याच आकड्याची करतात, आणि मला या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, की त्यांची नजर चुकीच्या आकड्यावर खिळलेली असते.

ज्या आकड्यावर हे प्रकरण अडते तो तासांचा आहे. टेक्सासमध्ये एकट्या पालकाला आठवड्याला किमान २५ तास आणि दोन पालक असलेल्या कुटुंबाला दोघांचे मिळून किमान ५० तास काम, शिक्षण किंवा प्रशिक्षण दाखवावे लागते. वडिलांच्या गोदामाचे २८ तास धरले तर उरलेले २२ तास कुठून आणायचे? आईचे वर्ग आठवड्याला जेमतेम सहा तासांचे, असे तिचे म्हणणे, आणि त्या हिशेबाने ती कच खाते. पण नियम वर्गात बसण्याचे तास मोजत नाही. महाविद्यालयीन शिक्षणाचे एक क्रेडिट आठवड्याच्या तीन तासांबरोबर धरले जाते, कारण घरचा अभ्यासही त्यात गृहीत आहे. सहा क्रेडिटचे १८ तास झाले. २८ आणि १८ मिळून ४६. अजून चार तास कमी पडतात.

ते चार तास दुकानात आहेत, आणि नेमके तेच लपवण्याचा या घराचा विचार होता. रोखीचे काम कागदावर दाखवले तर मिळकत वाढेल, मिळकत वाढली तर नाव बाद होईल, अशी साधी भीती त्यामागे होती. प्रत्यक्षात ते १२ तास धरल्यावर बेरीज ५८ होते आणि कुटुंब पात्र ठरते. ते लपवले तर ४६ वर अपात्र ठरते. मिळकतीच्या रेषेला त्या १४४ डॉलरनी काहीही फरक पडत नाही. हिशेब असा उलटा लागला नसता तरी ते लपवणे घातकच ठरले असते. सरकारी अर्जावर जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर मिळालेली रक्कम परत मागितली जाते, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जात सचोटीची चौकशी होते तेव्हा तीच नोंद आड येते. रोख वेतन घेणे हा स्वतःहून गुन्हा नाही. ते जाणूनबुजून विवरणपत्रात न दाखवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे अर्जाआधीची पहिली पायरी म्हणजे दुकानाचे उत्पन्न आयकराच्या विवरणपत्रात आहे की नाही हे पाहणे, नसल्यास सुधारित विवरणपत्र भरणे, आणि दुकानमालकाकडून तारखा, आठवड्याचे तास आणि ताशी दर लिहिलेले सहीचे पत्र घेणे.

हे पत्र मिळवणे वाटते तितके सोपे नसते, हे इथे मोकळेपणाने मांडायला हवे. मालक ओळखीचा असतो, बहुधा आपल्याच मराठी मंडळातला असतो, आणि अशा पत्राने आपल्यामागे कर खात्याचा ससेमिरा लागेल असे त्याला वाटते. त्याने नकार दिला तर वडिलांपुढे दोन रस्ते उरतात : गोदामात चार तास वाढवून मागणे, किंवा आईने तिसरा विषय घेणे. आणखी तीन क्रेडिट म्हणजे नऊ तास, म्हणजे बेरीज ५५. दुसरा रस्ता खर्चाचा आहे, पण तो पूर्णपणे त्यांच्या हातातला आहे. या कुटुंबात मालकाने पत्र दिले असे धरून पुढे जाऊ.

आजीला भारतातून बोलावून घ्यावे, हा सल्ला अशा प्रत्येक घराला मिळतो. आजी घरात असल्याने पात्रता जात नाही, कारण मोजले जातात ते पालकांचे तास. केंद्राचा नियम आजी-आजोबांना सांभाळणारे म्हणून मोबदला देण्याचीही सोय ठेवतो, पण पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीला पैसे घेऊन काम करता येत नाही, त्यामुळे तो मार्ग इथे बंद आहे. आणि आजी बहुधा सहा महिन्यांनी परत जाणार. पोरांची सोय मात्र दोन-तीन वर्षांची हवी.

पात्र ठरणे आणि साहाय्य मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला या व्यवस्थेतले सर्वांत मोठे दुखणे इथे दिसते. हे साहाय्य कायद्याने मिळणारा हक्क नाही. जेवढा निधी तेवढीच मुले. केंद्रीय निकषांनुसार पात्र असलेल्या मुलांपैकी देशभरात साधारण सहा-सातांमागे एकालाच ते मिळते. टेक्सासच्या अनेक भागांत प्रतीक्षा यादी असते. यादीत नाव घालताना जुजबी माहिती घेतली जाते, आणि निधी मोकळा झाला की कुटुंबाला निरोप येतो. कागद तपासून खरा निर्णय त्यानंतर होतो. म्हणजे ५० तास भरायला हवेत ते निरोप येईल त्या वेळी. इथे एक क्रूर कोंडी आहे. मुले सांभाळायला कोणी नाही म्हणून आई वर्ग सोडते, आणि वर्ग सोडला म्हणून निरोप आला तेव्हा तास भरत नाहीत. आपल्या प्रकरणातल्या आईने संध्याकाळचे वर्ग कसेबसे चालू ठेवले, ओढाताण करून ठेवले, आणि मी तिच्या जागी असतो तर तेच केले असते. म्हणून नाव शक्य तितक्या लवकर घालावे; सगळे कागद जमेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. आणि दिलेला ईमेल व फोन चालू ठेवावा, कारण वर्कफोर्स कमिशनच्या स्थानिक मंडळाच्या विचारणेला उत्तर न दिल्याने यादीतून नाव निघते आणि पुन्हा शेवटून सुरुवात करावी लागते.

वाट पाहण्याच्या काळात मोठ्या मुलीसाठी एक दार वेगळेच उघडे असते, आणि ते मराठी घरांच्या लक्षात फारच उशिरा येते. टेक्सासमध्ये चार वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेत मोफत पूर्वप्राथमिक वर्ग मिळतो, पण सर्वांना नाही. त्याच्या निकषांत कमी उत्पन्न जसे आहे तसेच ‘इंग्रजी बोलता आणि समजता न येणे’ हेही आहे. ज्या शाळा जिल्ह्यात अशी पात्र असलेली किमान १५ मुले असतील त्याने हा वर्ग चालवलाच पाहिजे, आणि २०१९ च्या कायद्यानंतर तो पूर्ण दिवसाचा आहे. मुलीला फक्त मराठी येते याचा आईला शाळेपुढे संकोच वाटत होता. तेच तिच्या प्रवेशाचे कारण ठरते. या वर्गासाठी पालकांचे तास मोजले जात नाहीत. मुलगी शाळेत गेली की पाळणाघराची गरज तिच्यापुरती शाळेआधी, शाळेनंतर आणि सुट्टीत एवढीच उरते, आणि अर्जात ती तशीच लिहावी. कमी मिळकतीच्या घरांतल्या लहान मुलांसाठीच्या हेड स्टार्ट या केंद्रीय योजनेकडेही चौकशी करण्यासारखी आहे. तिची मुख्य रेषा दारिद्र्यरेषेइतकी असल्यामुळे हे कुटुंब वर्षाला ९० डॉलरनी तिच्या वर जाते, पण त्याहून गरजू मुलांची सोय झाल्यावर दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंतच्या काही मुलांना घेण्याची मुभा तिथल्या केंद्रांना असते. धाकट्यासाठी विचारायला हरकत नाही.

निरोप आल्यावर जो गठ्ठा द्यायचा तो मोठा नाही : अलीकडच्या पे-स्लिप, दुकानाचे पत्र, कॉलेजचे चालू सत्राचे वेळापत्रक ज्यात क्रेडिट स्पष्ट लिहिलेली आहेत, मुलाचा जन्मदाखला, मुलीचे ग्रीन कार्ड, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आईवडिलांचा सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही म्हणून साहाय्य नाकारता येत नाही, हे इतर वाचकांसाठी सांगून ठेवतो. गोदामाचे तास दर आठवड्याला बदलत असल्याने एखादी कमी तासांची पे-स्लिप घात करू शकते. अशा वेळी एकाच आठवड्यावर न जाता सरासरी धरावी असे लेखी सांगावे, कारण कमाईतले अनियमित चढउतार विचारात घेणे केंद्रीय नियमाने राज्यांवर बंधनकारक आहे.

मंजुरीनंतर पाळणाघर पालकांनीच निवडायचे असते. टेक्सासमध्ये दीड ते दोन वर्षांच्या नऊ मुलांमागे एक आणि एक ते दीड वर्षाच्या पाच मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती लागते, त्यामुळे तान्ह्या मुलांच्या जागा सर्वांत दुर्मीळ आणि महाग असतात. धाकट्याने दीड वर्ष ओलांडले आहे, ही त्याच्या बाजूची गोष्ट. पालकांचा वाटा किती, याला २०२४ च्या केंद्रीय नियमाने कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ७ टक्क्यांची मर्यादा घातली आणि राज्यांना ती अमलात आणायला मुदत दिली. त्या हिशेबाने दोन्ही मुलांचा मिळून या घराचा वाटा महिन्याला सुमारे १८८ डॉलरच्या पुढे जाऊ नये. मात्र नोंदणी शुल्क, सहलीचे पैसे, उशिरा नेल्याचा दंड हे त्याबाहेर राहू शकतात. पाळणाघराच्या करारावर सही करण्याआधी हे एकेक विचारून घ्यावे.

पात्रता एकदा ठरली की ती किमान १२ महिने टिकते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने दिलेले हे स्थैर्य मला या कायद्यातले सर्वांत माणुसकीचे कलम वाटते. उन्हाळ्यात आईचे वर्ग बंद असतील तरी साहाय्य थांबत नाही. नाताळच्या गर्दीत गोदामाने जादा काम दिले आणि दोन महिने पगार फुगला तरी पालकांचा वाटा वाढत नाही. वडिलांची नोकरी कायमची गेली, तर नवी शोधण्यासाठी किमान तीन महिने मुलांची जागा राखली जाते. कुटुंबाने स्वतःहून कळवायच्या गोष्टी मोजक्याच आहेत : उत्पन्न ८५ टक्क्यांच्या रेषेपलीकडे गेले तर, आणि काम किंवा शिक्षण कायमचे थांबले तर. पत्ता आणि फोन बदलल्यास तोही कळवावा, नाहीतर पत्र जुन्या घरी जाते. टेक्सासमध्ये कारण न कळवता झालेल्या गैरहजेऱ्यांनाही मर्यादा आहे, म्हणून मूल तापाने घरी राहिले तर पाळणाघराला त्याच दिवशी सांगावे.

वर्ष संपताना फेरतपासणी होईल तेव्हा या घराचे चित्र बदललेले असेल. मूल पाळणाघरात गेल्यावर आईने दिवसाची अर्धवेळ नोकरी धरली आणि तिचे २५ तास झाले, तर गोदामाच्या २८ तासांबरोबर बेरीज ५३ होते; दुकान सुटले तरी चालते, आणि वडिलांना शनिवार-रविवार घरी मिळतो. उत्पन्न तेव्हाही ८५ टक्क्यांच्या बरेच खाली असेल. तोवर आईने प्रत्येक सत्राचे वेळापत्रक, प्रत्येक महिन्याच्या दोघांच्या पे-स्लिपा आणि दुकानाचे ताजे पत्र एका फायलीत लावत जावे, म्हणजे फेरतपासणीची नोटीस आल्यावर दिलेल्या मुदतीत उत्तर देता येईल.